संकल्प सांगून झाला, आता हिशोब सांगा

पत्र

नमस्कार मॅडम,

मी कराड तालुक्यातल्या एका गावात राहते. वय ४४. बारावी झाल्या झाल्या लग्न झालं आणि शिक्षण तिथंच थांबलं. मुलगा आता पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. मिस्टरांचं किराणा दुकान आहे, दुपारी मी दुकानात बसते. गावातल्या बचत गटाची नऊ वर्षं सचिव आहे. गेल्या वर्षी हिय्या करून मुक्त विद्यापीठात बी.ए.ला प्रवेश घेतला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्या बायकांसमोर सांगून टाकलं, "यंदा बी.ए.चं पहिलं वर्ष पास होऊन दाखवणार." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुलानं माझा फोटो स्टेटसला ठेवला, घरच्या ग्रुपवर अभिनंदनाचा नुसता पाऊस पडला. माहेरून फोन आले. चार-पाच दिवस पुस्तकं घेऊन बसले, आणि मग काय झालं कळत नाही, हातच लागेना. पुस्तकांचा गठ्ठा दुकानातल्या फळीवर तसाच आहे आणि परीक्षा जवळ आली.

जाऊबाई येता-जाता विचारतात, "काय, कुठवर आलं बी.ए.?" सासूबाई म्हणतात, "असलं बोलून दाखवायचं नसतं, दृष्ट लागते." त्यात आमच्या गटातली एक धाकटी परवा म्हणाली, "ताई, तुमचं बघून मीपण बारावीचा १७ नंबरचा फॉर्म भरणार." ते ऐकल्यापासून मला झोप नाही. माझंच काही खरं नाही आणि ती माझ्याकडं बघतेय. मॅडम, बोलले हेच चुकलं का? इथून पुढं संकल्प मनातच ठेवावा का? आणि त्या पोरीला काय सांगू?

उत्तर

ताई,

आधी सासूबाईंचं म्हणणं घेऊ, कारण ते उडवून लावण्यासारखं नाही. दृष्ट लागते असं मी मानत नाही. पण गाजावाजा करून सांगितलेलं काम पुष्कळदा तिथंच अडतं, हे घरातल्या जुन्या माणसांनी आयुष्यभर पाहिलेलं असतं आणि त्याला त्यांच्या परीनं एक कारण दिलेलं असतं.

हीच गोष्ट पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रयोग करून तपासली. त्यांचा निबंध २००९ साली प्रसिद्ध झाला. कायद्याच्या विद्यार्थ्यांकडून त्यांनी लिहून घेतलं की, आम्ही अभ्यासाची मिळेल ती संधी साधू, चांगले वकील होऊ. काहींचं लिहिलेलं समोर वाचलं गेलं, त्याची दखल घेतली गेली. काहींचं कुणी वाचलंच नाही. मग सगळ्यांना कायद्याची प्रकरणं सोडवायला दिली आणि सांगितलं, हवं तेव्हा थांबा. ज्यांच्या इराद्याची दखल घेतली गेली होती, तेच लवकर थांबले. संशोधकांनी याचं कारण असं लावलं: दुसऱ्यानं आपला इरादा ऐकून मान डोलावली की आपण ते थोडंफार झालोच, असं मनाला वाटून जातं, आणि तेवढी धडपड कमी होते.

यातली एक गोष्ट तुम्ही नीट लक्षात ठेवावी. हा परिणाम दिसला तो ज्यांना मनापासून वकील व्हायचं होतं त्यांच्यात. तेव्हा "मला मुळात हौसच नव्हती, उगाच बोलून गेले" असं स्वतःला लावून घेऊ नका. हौस होती म्हणूनच असं झालं.

हळदीकुंकवाच्या दिवशी तुम्हाला काय काय मिळालं बघा. टाळ्या मिळाल्या, मुलाच्या स्टेटसवर फोटो आला, माहेरून कौतुकाचे फोन आले. हे सगळं निकाल लागल्यावर मिळायचं होतं, ते पहिलं पान उलटायच्या आधी मिळालं. मिरवणूक आधी निघाली, मूर्ती अजून घडायची होती. कौतुक करणाऱ्यांची यात काही चूक नाही, तुमचीही नाही. वीस-पंचवीस वर्षं मनात दाबून ठेवलेली गोष्ट एखाद्या दिवशी बाहेर पडणारच, आणि बायकांच्या मेळ्यात पडली तर जोरातच पडणार.

पण म्हणून इथून पुढं तोंडाला कुलूप लावा, असं मी सांगणार नाही. मुकाट्यानं धरलेले संकल्प मुकाट्यानंच सुटतात. ते कधी सुटले हे धरणाऱ्यालाही कळत नाही, कारण विचारणारंच कुणी नसतं. जानेवारी-फेब्रुवारीत मला येणाऱ्या पत्रांत अशा न सांगितलेल्या, न धरलेल्या संकल्पांची हळहळ खूप असते.

शेफिल्ड विद्यापीठातल्या बेंजामिन हार्किन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली १३८ अभ्यासांचे निकाल एकत्र मांडले. त्यांत मिळून जवळजवळ २०,००० माणसं होती. आपण कुठवर आलो याची वेळोवेळी नोंद घेणाऱ्यांचं काम जास्त तडीस गेलं. ती नोंद कागदावर उतरवली किंवा दुसऱ्या कुणाला सांगितली, तर त्याचा गुण आणखी वाढला. आता हे दोन अभ्यास शेजारी ठेवून वाचा. पहिल्यात माणसानं सांगितलं होतं, मी अमुक होणार. दुसऱ्यात माणूस सांगत होता, या आठवड्यात माझ्याकडून एवढं झालं. दोन्ही वेळा बोलणंच आहे, पण पहिल्यानं काम थंडावलं आणि दुसऱ्यानं पुढं गेलं.

तुमचं पत्र वाचताना मला सगळ्यांत बरं कशानं वाटलं सांगू? तुम्ही नऊ वर्षं बचत गटाच्या सचिव आहात यानं. कारण हे दुसऱ्या प्रकारचं सांगणं तुम्हाला मी शिकवायची गरजच नाही.

गटाची बैठक डोळ्यांसमोर आणा. सतरंजीवर बायका गोल करून बसलेल्या. पेटी उघडते. एकेकीचं नाव तुम्ही वाचता, ती पदराच्या गाठीतून किंवा बटव्यातून पैसे काढून सगळ्यांच्या देखत पुढं ठेवते. तुम्ही मोजता, वहीत आकडा चढवता, तिच्या पासबुकात चढवता. जिचे पैसे आलेले नाहीत तिचंही नाव वाचलं जातं. ते वगळलं जात नाही. ती सांगते, पोरगं आजारी होतं, दवाखान्यात गेले. बाकीच्या ऐकून घेतात, दोघी-तिघी विचारपूस करतात, आणि पुढच्या बैठकीला ती मागचे-पुढचे मिळून देते. उठायच्या आधी सगळा हिशोब मोठ्यानं वाचला जातो आणि सह्या होतात. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे ही पंचसूत्री तुम्हाला तोंडपाठ असेल. 'लखपती दीदी' ही सरकारी योजना गावोगाव पोचली आहे, पण गटाच्या वहीत लखपती कोण होणार असा रकाना नसतो. आज किती आले, एवढंच तिथं लिहायचं असतं. ज्या बायकांनी कधी स्वतःच्या नावावर शंभर रुपये ठेवले नव्हते, त्यांची हजारोंची बचत अशा वहीतून उभी राहिलेली तुम्ही स्वतः पाहिलीय.

तर बी.ए.ची वही घाला. गटाच्या वहीसारखीच, आडव्या रेघांची, रकाने पाडलेली. तारीख, पुस्तकाचं नाव, कुठल्या पानापासून कुठल्या पानापर्यंत, आणि एक रकाना 'अडलं' म्हणून. जिथं कळलं नाही तिथला शब्द किंवा प्रश्न त्यात लिहायचा. अभ्यास झाला नाही त्या दिवशीही तारीख घालायची आणि पुढं 'नाही' असं लिहायचं, कारण गैरहजर बाईचं नावही तुम्ही वाचताच. आठवड्यातून एकदा ही वही कुणाला तरी वाचून दाखवायची. नुसती तुमच्यापाशी राहिली तर पंधरा दिवसांत तीही त्या फळीवर गठ्ठ्याशेजारी जाईल.

कुणाला वाचून दाखवायची, यावर थोडं थांबते, कारण सगळं इथंच ठरतं.

सगळ्या गावाला नाही. घरच्या ग्रुपवर तर नाहीच. तिथं कितीही पानं लिहिलीत तरी खाली हात जोडलेले आणि फुलांचे गुच्छ येणार, आणि तुम्हाला पुन्हा तेच मिळेल जे संक्रांतीला मिळालं. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठातल्या हॉवर्ड क्लाइन यांनी केलेला एक अभ्यास इथं उपयोगाचा आहे. त्यांनी लोकांना आपलं उद्दिष्ट दुसऱ्याला सांगायला लावलं. त्यातल्या एका प्रयोगात ऐकणारा माणूस एकच होता. कधी तो सूट घालून, शिकलेला जाणकार म्हणून समोर यायचा, कधी साध्या कपड्यांत, साधा विद्यार्थी म्हणून. ज्यांनी त्या जाणकाराला सांगितलं, ते आपल्या उद्दिष्टाला जास्त धरून राहिले आणि त्यांचं कामही जास्त झालं. साध्या विद्यार्थ्याला सांगितल्याचा तसा फायदा दिसला नाही. ज्याचं मत आपण मानतो, ज्याच्यासमोर आपला शब्द पडू नये असं वाटतं, त्याला सांगितलेलं टिकतं.

तुमच्या बाबतीत असं माणूस आहे अभ्यासकेंद्रावर. संपर्क सत्राला जाणं झालं नसेल, संकोच वाटला असेल, पण एकदा जाच. तिथल्या सर-मॅडमना गठ्ठा समोर ठेवून सांगा की माझं अजून काही झालेलं नाही, परीक्षेला एवढे दिवस आहेत, मी रोज तास-दीड तास काढू शकते, कुठलं आधी घेऊ? त्यांच्यासमोर तुमच्यासारख्या पुष्कळ जणी बसलेल्या असतात. कुणी अंगणवाडीत काम करणारी, कुणी शेतात जाणारी, कुणी मुलांच्या बरोबरीनं परीक्षेला बसलेली. नाशिकला १९८९ साली यशवंतराव चव्हाणांच्या नावानं हे विद्यापीठ उभं राहिलं ते ज्यांचं शिक्षण मध्येच सुटलं त्यांच्यासाठीच. तुम्ही तिथं पाहुण्या नाही.

पण मोठ्या माणसाला दिलेला शब्द एकटा पुरत नाही, असं माझं मत आहे. गांधीजींचीच गोष्ट घ्या. १८८८ साली ते बॅरिस्टर व्हायला विलायतेला निघाले तेव्हा आई सोडायला तयार नव्हती. बेचरजी स्वामी या जैन साधूंनी त्यांच्याकडून आईसमोर तीन गोष्टींची शपथ घेववली: मद्य, मांस आणि परस्त्री यांना शिवणार नाही. लंडनमध्ये त्यांनी शपथ पाळली, पण हाल झाले. उकडलेल्या बेचव भाज्या, अर्धपोटी दिवस, आणि मांस खा म्हणून मागे लागलेले मित्र. फिरता फिरता एक दिवस फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्यांना शाकाहारी खानावळ सापडली. तिथं पोटभर जेवले, तिथंच शाकाहारावरचं एक पुस्तक विकत घेऊन वाचलं, आणि आपण त्या दिवसापासून स्वतःच्या पसंतीनं शाकाहारी झालो, असं त्यांनी पुढं लिहून ठेवलं. नंतर ते तिथल्या शाकाहारी मंडळात गेले, त्याच्या कार्यकारिणीवर आले. आईला दिलेल्या शब्दानं त्यांना धरून ठेवलं, पण तो संकल्प त्यांचा स्वतःचा झाला तो त्याच वाटेनं चालणारी माणसं भेटल्यावर.

तुम्हाला ते माणूस शोधायला फॅरिंग्डन स्ट्रीटवर जायला नको. ते तुमच्या सतरंजीवर बसलंय. जिच्यामुळं तुमची झोप उडाली, तीच ती. इथं मी क्लाइनसाहेबांच्या अभ्यासापेक्षा तुमच्या गटावर जास्त भरवसा ठेवते. ती वयानं, शिक्षणानं धाकटी आहे, पण तिचं तुमच्याबद्दलचं मत तुम्हाला इतकं मोलाचं आहे की रात्र जागून काढलीत. शब्द पडू देऊ नये असं वाटायला याहून जास्त काय लागतं?

तिला खरं सांगा. अगदी या शब्दांत सांगा हवं तर: "अगं, मी हळदीकुंकवाला बोलले खरी, पण चार दिवसांच्या वर पुस्तक उघडलं नाही. मला एकटीला जमेना. तू फॉर्म भरणार आहेस ना, मग आत्तापासून बस माझ्याबरोबर." तुम्हाला वाटतंय की हे ऐकून तिचा हुरूप मोडेल. मला तसं वाटत नाही. तिनं जे पाहिलं ते तुमचा निकाल नव्हताच. गावातल्या, दुकान सांभाळणाऱ्या, इंजिनिअरिंगच्या पोराच्या आईनं या वयात प्रवेश घेतला, हे तिनं पाहिलं. ते खरंच घडलंय, त्यात खोटं काही नाही. उलट तुम्ही न बोलता राहिलात आणि निकालाच्या दिवशी तिला कळलं की ताईंनी अभ्यासच केला नव्हता, तर मात्र तिला वाटेल की आपल्यासारख्यांचं हे काम नाही. अभ्यासात अडचण येते, ती आली तरी पुन्हा बसता येतं, हे तिला तुमच्याकडून समजलं तर तिच्याही वाईट दिवसांत ते कामाला येईल.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक कमी असतं त्या वेळात तिला बोलवा. रोज जमलं नाही तर आठवड्यातून दोनदा. ती तिची दहावीची जुनी पुस्तकं चाळेल, कुणाकडून तरी अकरावीची मागून आणेल, तुम्ही तुमचं घ्याल. आणि बैठकीच्या दिवशी, पेटी बंद झाल्यावर, बाकीच्या उठल्या की दोघींनी आपापल्या वह्या एकमेकींना वाचून दाखवायच्या. तिनं तुम्हाला विचारायचं, "कुठलं पान?" तुम्ही तिला. शाबासकी द्यायची नाही असं नाही, पण आधी आकडा, मग शाबासकी. तिला इंग्रजी किंवा अर्थशास्त्र अडलं आणि तुम्ही समजावून सांगायला बसलात, तर तुमच्या लक्षात येईल की समजावण्यासाठी आधी स्वतः दोनदा वाचावं लागतं. तुमचा अभ्यास त्यातही होईल.

मुलाला एक काम द्या. स्टेटस नको म्हणावं. शनिवारी फोन करतोच, तेव्हा जेवलीस का विचारल्यावर पुढं एवढंच विचार, किती पानं झाली? परीक्षेच्या आदल्या रात्रीचं दडपण कसं असतं हे त्याला चांगलं माहीत आहे, तो समजून घेईल. ऐकणारी एवढीच पुरेत: केंद्रावरचे सर किंवा मॅडम, धाकटी मैत्रीण, मुलगा. मिस्टरांचं तुम्ही पत्रात फारसं लिहिलं नाही म्हणून मी त्यात पडत नाही. दुपारच्या वेळात मालाचा टेम्पो आला तर तुम्ही सांभाळा, एवढं त्यांना सांगून ठेवलंत तरी झालं.

आता वेळ आणि जागा. आपल्याकडं सत्यनारायणाच्या पूजेला गुरुजी संकल्प सोडायला लावतात ते आठवा. गोदावरीच्या दक्षिण तीरावर, शालिवाहन शके अमुक, अमुक महिना, अमुक पक्ष, तिथी, वार, मग गोत्र, नाव, आणि मग हे कर्म मी आज करतो. पळीनं ताम्हणात पाणी सोडलं की लगेच गणपतिपूजन सुरू होतं, मध्ये कुणी उठत नाही. मला या विधीतलं हे फार नेमकं वाटतं. कुठं, कधी, कोण आणि आज काय, हे सगळं बोलून घेतल्याशिवाय संकल्प पुरा होत नाही आणि बोलून झाल्यावर काम थांबत नाही. तुमच्या हळदीकुंकवाच्या वाक्यात वर्ष होतं, पण वार नव्हता, वेळ नव्हती, जागा नव्हती. मघाशी ज्यांचा उल्लेख केला त्या गोल्विट्झरनंच दुसऱ्या बाजूनं दाखवून दिलंय की, 'अमुक वेळ झाली की अमुक ठिकाणी बसून अमुक करीन' असं आधीच ठरवून ठेवणाऱ्यांच्या हातून काम जास्त होतं. तेव्हा, "दुपारी दोनला अर्धं शटर ओढलं की गल्ल्यामागच्या स्टुलावर बसून इतिहासाचं पुस्तक उघडीन," असं वाक्य करा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पुस्तकं फळीवरून खाली आणून गल्ल्याशेजारी ठेवा, म्हणजे हात पोचेल.

मध्ये दिवस चुकतील. लग्नसराई आहे, पाहुणे आहेत, दुकानात माल यायचा असतो. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी नवी सवय लावू पाहणाऱ्या ९६ जणांची नोंद ठेवली होती. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला त्याहून कितीतरी जास्त, आणि मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून फारसं काही बिघडलं नाही. चुकलेला दिवस वहीत 'नाही' म्हणून लिहिला आणि बैठकीला वाचला, की त्याचं ओझं उतरतं. लपवलेला दिवस मात्र दुसऱ्याला ओढून आणतो.

जाऊबाईंच्या मनात काय आहे ते मला इथून दिसत नाही. टोमणा असेल किंवा खरंच उत्सुकता असेल, दोन्हींना उत्तर एकच द्या: शेवटची नोंद. "काल राज्यशास्त्राचं दुसरं प्रकरण झालं." नसेल झालं तर, "या आठवड्यात बसणं झालं नाही, सोमवारपासून बसतेय." त्यावर कारणं नकोत, पास होऊन दाखवीन असं नवं वचनही नको. चार वेळा असं सरळ उत्तर मिळालं की प्रश्नातली धार आपोआप जाते. त्यांनी पुढं काही विचारलं आणि त्यांनाही काही शिकायचं, करायचं मनात असल्याचं जाणवलं, तर ऐकून घ्या. सांगणाऱ्या बाईजवळ दुसऱ्या बायका आपलं मन मोकळं करतात, तुमच्या त्या धाकटीनं केलं तसं. हळदीकुंकवाला बोललात त्यातून निघालेली सगळ्यांत चांगली गोष्ट हीच आहे, आणि तेवढ्यासाठी तरी बोलल्याचा पश्चात्ताप करू नका.

एक सांगून ठेवते, सगळेच संकल्प सांगण्याचे नसतात. घरातल्या कुणाशी तुटलेलं नातं पुन्हा जोडायचं असेल, दुखण्याबद्दल काही ठरवलं असेल, नवरा-बायकोच्या पैशाचं असेल, तर ते ज्याच्याशी संबंधित आहे त्याच्यापाशीच राहू द्यावं. शिक्षणाचं तसं नाही. त्याला जेवढ्या योग्य माणसांचा हात लागेल तेवढं बरं.

परीक्षेला बसा. सगळे विषय तयार होणार नाहीत असं दिसलं तर केंद्रावर विचारून जे दोन-तीन नीट होतील ते आधी पक्के करा. राहिलेले विषय पुन्हा देता येतात, आणि नोंदणीची मुदत किती वर्षं आहे तेही त्याच वेळी विचारून वहीत लिहून ठेवा. आणि त्या धाकटीला म्हणावं, शाळा सोडल्याचा दाखला आणि दहावीची मार्कशीट आत्ताच शोधून ठेव. १७ नंबरच्या फॉर्मला ही कागदपत्रं लागतात, आणि हरवली असतील तर जुन्या शाळेतून दाखल्याची दुसरी प्रत मिळवायला हेलपाटे पडतात. तिच्याबरोबर एखाद्या हेलपाट्याला तुम्ही जा, तुम्हाला कागदपत्रांची सवय आहे.